खिडकी नंबर सहा

लोकमान्य नगरात पहाटे पाचला
मुंगींच्या गच्चीवरच्या डिशवर दयाळ येतो.
शेपूट ताठ, पोट पांढरं,
रात्रपाळी करून आल्यासारखा थोडा विस्कटलेला.
एकच अक्षर घेतो. त्वी.
त्वी त्वी त्वी.

मी रेघा मारते,
इस्पितळातल्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पाठीवर.
सोमवारी चार. मंगळवारी चार, मग सात, मग दोनच.
बुधवारी अकरा.
आठव्यालाच मी गज धरला होता,
माझं वाक्य संपेपर्यंत आई पदराचं टोक धरून बसायची, तसा.
अडकला, म्हटलं. माझ्यासारखाच.
अकराव्यानंतर त्यानं एक शीळ खाली सोडली,
सहज, जिना उतरावा तशी,
आणि पंखाखाली चोच घालून पिसं विंचरू लागला.

अडकला नव्हता.
राहिला होता तिथे.

आता कान लावते तर एक त्वी दुसरीसारखी नाही.
पहिली टोकदार. चौथी पातळ.
शेवटच्या दोघींत जरा जास्त जागा,
दाराशी येऊन कुणी चपला शोधावं, तेवढी.
कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली
की तिसरीवरच तोडतो,
गाडी वळेपर्यंत गप्प.
मग उरलेल्या मोजून देत नाही,
नवंच अक्षर काढतो.

एम. वाय.मध्ये माझी खिडकी सहा नंबरची.
रिपोर्ट आला की नाव पुकारायचं.
क, ब आणि प यांच्याशी माझं जुनं वैर.
रांग हसत नाही.
रांग जमिनीकडे बघते, ते जास्त लागतं.

आज वरचाच कागद: कमरुन्निसा, रक्तातली साखर.
क.
क क.
एरवी इथे मी धक्का देते, दार लाथेनं उघडावं तसा,
आणि गळ्यात सगळंच घट्ट होतं.
आज दिला नाही.
चौथा क हलका सोडला. थोडी जागा ठेवली.
पाचवा.
मग ते सगळं लांबलचक नाव
पायरी पायरीनं खाली आलं.

वर पाहिलं तर म्हातारी खिडकीशी उभी.
दुसऱ्या क लाच उठली होती म्हणे,
बाकाखाली गेलेली काठी काढायला
तिला तेवढाच वेळ लागला.

रजिस्टर उलटं केलं.
गुरुवार. पाच.