डावीकडून तिसरी

केतकीने वाढदिवसाला दिलेली बिनतारी बोंडं
माझ्या कानात टिकत नाहीत.
एक आमटीत पडलं,
दुसरं एकटंच चार्जिंग मागत बसतं.
म्हणून मंगळवारी दुपारी माहीमहून निघाले
आणि लॅमिंग्टन रोडला छेडांच्या दुकानात गेले,
ज्याची तिसरी पायरी तुटकी आहे ते.

वायरवाला द्या, म्हटलं, कान पूर्ण झाकणारा.
वायर असली की माणूस बसून ऐकतं,
मध्येच उठून कुकर बंद करायला जात नाही.

छेडांनी विचारलं, कशावर ऐकणार? बजेट किती?
आणि मग चष्मा पुसत: ऐकणार काय?

पर्समधून पेन ड्राइव्ह काढला.
एका पडेल सिनेमाचं गाणं,
सन चौऱ्याऐंशी, ताडदेवचा स्टुडिओ.
मुख्य बाईंच्या मागे आम्ही आठजणी,
एक ओळ "हो", दोन ओळी "आ".
मी डावीकडून तिसरी.
माझ्या शेजारी विनिफ्रेड, तिच्यापलीकडे कुसुम नाखवा,
पंचाहत्तर रुपये रोज आणि टॅक्सी वाटून.
तबकडीवर आमचं सगळ्यांचं मिळून नाव: "आणि साथी".

पहिला जोड महागातला, मागून जाळीचा.
व्हायोलिनं अशी मोकळी झाली
की कुणीतरी भिंत सरकवली असावी.
पण आवाज बाहेरही सांडत होता,
छेडांचा पोऱ्या स्टुलावर बसून ठेका धरू लागला.
आमच्याकडे एक खोली, त्यात ह्यांचा शेअरबाजार.
शिवाय अडीचशे ओहम, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागेल,
म्हणजे घोड्याबरोबर तबेलाही.

दुसऱ्यात नुसता ढोल.
आठहीजणी त्याच्याखाली चेंगरलो.

तिसरा मखमली गादीचा,
सगळ्यांच्या आवाजावर साय धरणारा.
लेडीज लोकांना हाच आवडतो, छेडा म्हणाले.
मलाही आवडला.
पण त्यात आम्ही आठजणी मिळून एकच बाई झालो होतो,
चांगल्या घरची, कधी सर्दी न झालेली.
काढून ठेवला.

चौथा काळा, ठोकळा, तीन मीटर वायरीचा,
चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतवणारा.
कोरस उजवीकडून आला.
उजवीकडून कसा? आम्ही डावीकडे होतो!
एवढ्या वर्षांत मीच विसरले की काय, कुठे उभी होते?
घशाला कोरड पडली.
बेन, उलटा घातलाय, छेडा म्हणाले,
आणि दोन बोटांनी L दाखवला.

पुन्हा पहिल्यापासून.

माझा आवाज काही सापडला नाही.
एका माइकसमोर आठजणी,
कोण कुठली हे आता देवही वेगळं करू शकणार नाही.
पण अंतऱ्याच्या आधी
आठ बायकांनी एकदम घेतलेला श्वास ऐकू आला,
आणि त्या श्वासाच्या शेपटीला, डावीकडे,
सुर्रर्र.

कागद.

काचेमागून तेव्हा ओरडा आला होता,
कुणाचा होता तो कागद?
विनिफ्रेड छताकडे बघत राहिली. कुसुमने नाक पुसलं.
मी माझं पान पाठीमागे धरलं होतं.
शिफ्ट संपत आली होती, निर्मात्याचे पैसे त्याच्याही आधी,
म्हणून तोच टेक राहिला.

कितीला, विचारलं.
सहा हजार चारशे.
चारशे सोडा, म्हटलं.
दोनशे सोडले, वर गाद्यांचा एक जास्तीचा जोड,
मुंबईच्या हवेत रेक्झिन सोलतंच, बेन.

आता वायर कपाटापासून पलंगापर्यंत येते,
वर हातभर उरते.
हे विचारतात, त्यात एवढं काय ऐकतेस?
पुढच्या ओळींचं मला काही नाही,
मी श्वासापाशी मागे नेते.
पुन्हा मागे नेते.
हा मी.