कितीपैकी किती

पिंगुळकरांचा फोन : "लेख पोचला. चौकट रिकामी का?"
चौकट म्हणजे पानाच्या उजव्या कोपऱ्यातली,
काडेपेटीएवढी,
जिच्यात अकरा वर्षं, दर शुक्रवारी,
मी एक आकडा कोंबते.

आकडा.
आजोबांच्या तोंडी हा शब्द रात्री नऊनंतर यायचा,
दबक्या आवाजात, ओपन आणि क्लोजच्या मधे.
आई म्हणायची आकडा, तेव्हा तिची मान वर :
छताचा, पाळणा टांगायचा.
एकाने घर बुडवलं. दुसऱ्याने मला पेललं.
मी कुठला वापरते, ते अजून कळलेलं नाही.

या वेळचा गेम असा :
दीपगृहात एक बाई, एकटी.
दिवा फिरत फिरत चाळीस सेकंदांनी तिच्यावर येतो,
तेवढ्या उजेडात काय दिसेल ते शोधायचं.
बाकी अंधार, पाण्याचा आवाज,
आणि बटणावर उगीच वळवळणारा आपला अंगठा.
दुसऱ्या रात्री मी वैतागले.
पाचव्या रात्री अंगठा आपोआप गप्प झाला,
आणि मी उठून शिवडीच्या माझ्या खिडकीत उभी राहिले,
माहूलकडची ज्वाळा बघत, किती वेळ कोण जाणे.
सहाव्या रात्री सेव्ह उडालं. चार तास गेले पाण्यात.

आता याचे किती?
अंधाराचे नऊ, उडालेल्या सेव्हचे दोन,
बेरीज करून भागिले दोन?
साडेपाच नावाचा गेम मी खेळलेच नाही.
साडेसात द्यावेत, तर बनवणाऱ्या चौघांच्या मागे साडेसाती.
आठ दिले तर पिंगुळकर म्हणणार,
"मागच्या गाड्यांच्या गेमलाही आठच होते की."
होते.

तर ठरवलं : यापुढे आकडा नाही. वाचा आणि ठरवा.
असं ठरवून, ताठ मानेने,
लॅमिंग्टन रोडला कंट्रोलरचं रबर बदलायला गेले.

हनीफ चुनावालाच्या काउंटरवर एक पोरगा,
प्रज्योत, नववीतला, अँटॉप हिलहून चालत आलेला.
समोर दोन डिस्क, मुठीत साडेसातशे,
त्यातल्या दहादहाच्या नोटा ओलसर.
हनीफ म्हणाला, "यांनाच विचार, ह्या पेपरात लिहितात."
मी सांगू लागले. दिवा, चाळीस सेकंद,
अंगठ्याचं गप्प होणं, खिडकी.
तो शहाण्यासारखा ऐकत होता.
मग म्हणाला, "ताई, ते बरोबर आहे. पण कितीपैकी किती?"

मला आधी राग आला.
मग त्याची मूठ दिसली.
माझ्याकडे शब्द आहेत, फुकट येतात, उधळते.
घरी गेम आपणहून येतात, नावडला तर बाजूला.
त्याने चुकीची डिस्क उचलली
तर दिवाळीपर्यंत तीच.
"आठ," मी म्हटलं. "सेव्ह मात्र दोनदा कर."
दुसऱ्या डिस्कला त्याने हातही लावला नाही.

त्या रात्री चौकटीत आठ टाकला.
पिंगुळकर खूश. मी नाही, पण झोप लागली.

मधे एकदा रबर पुन्हा सैल झालं.
हनीफने स्क्रू काढता काढता सांगितलं,
"तुमचा तो पोरगा आला नाही."
वाईट गेम तीन दिवसांत परत विकायला येतो, म्हणाला,
चांगला आठवड्यात, संपवून.
"आणि हा?"
त्याने वही काढली, थुंकी लावून पान उलटलं,
"एकवीस दिवस."

मी चहाच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं : २१.
कशापैकी, ते लिहिलं नाही.