कंसात

बुधवार, दुसरा तास. खिडकीबाहेर पीटरहेडचं बंदर,
बर्फाच्या पेट्यांवर हमरीतुमरीला आलेले सीगल.
पुस्तकातल्या दोन अनाथ भावंडांना
आज नवी काकू मिळाली आहे,
जी वाटाणे मोजून वाढते
आणि गळक्या छत्र्या विकून गडगंज झाली आहे.
पोरं खिदळतात.
मी फळ्यावर लिहिते : अतिशयोक्ती.
खडू तुटतो.

लेखक मोठा लबाड.
दर चार पानांनी मध्येच डोकावून म्हणतो,
‘घाबरू नका, पुढच्या पानावर सगळं ठीक होईल,’
आणि पुढच्या पानावर छत कोसळतं.
मी सांगते, निवेदकावर विश्वास ठेवायचा नसतो.
रॉरी स्ट्रॅकन विचारतो, मग कुणावर ठेवायचा, मिस?
मी म्हणते, पान उलटा.

एक वकील आहे त्यात, काळा कोट, मऊ हात.
सत्य जवळ आलं की त्याला खोकला येतो.
तीनशे पानं खोकतो बिचारा.
मुलं सांगतात, काकू खोटी आहे, छत्र्या खोट्या आहेत,
मृत्युपत्रावरची सही तर ओलीच आहे अजून,
तो चहा मागवतो.
विषय, मी लिहिते, मोठ्यांचा बहिरेपणा.
अक्षर छान येतं.
आणि पाठमोरी असल्यामुळे
मागच्या बाकावरचा प्रश्न मला ऐकू येत नाही.

‘मिस,’ एफी मेअर पुन्हा म्हणते,
‘त्यांचे आईबाप कंसात का मेले?’

खरंच. पहिलं पान, तिसरी ओळ :
(त्याच दुपारी दोघं वारली. मुरंबा मात्र सुरेख झाला होता.)

उत्तर माझ्याकडे तयार होतं.
न्यूनोक्ती. मोठं दुःख लहान अक्षरात.
वीस वर्षं हेच सांगत आलेय,
परीक्षेत दोन गुणांना येतं.
पण एफीचा बाप गेल्या फेब्रुवारीत
‘फेथफुल’ नावाच्या बोटीवर होता
आणि पेपरात आलं होतं :
बोट परतली नाही (चौघे; एकाच्या मागे मुलगी).
आई त्याआधीच गेलेली, ती तर पेपरातही नाही.

वर्ग गप्प. रेडिएटर तेवढा गुरगुरतो.
कुणी कुणाकडे बघेना.

मग एफीच फिसकन हसते.
‘मुरंबा!’ म्हणते.
‘बाबांच्या वेळी सँडविच फार छान होते.
चर्चमध्ये सगळे तेच म्हणत होते.
डॉड काकाने तर खिशात घालून आणले चार.’

आधी रॉरी फुटतो,
मग अख्खी रांग, बाकं बडवत, डोळे पुसत.
हसावं की काय करावं कळेना म्हणून
मी खडू शोधत राहते खाली वाकून,
हातातच असतो तो.
या प्रकाराला काय म्हणतात
ते मी फळ्यावर लिहिलं नाही.

घरचा अभ्यास : स्वतःची गोष्ट, अलंकार अधोरेखित.
एफीने तीन पानं दिली.
पहिल्या ओळीआधी एक कंस उघडलाय,
त्यात जाळी आहेत, डिझेलचा वास, एका पायाचा सीगल,
बापाची शिट्टी (तीही बेसूर),
कंस कुठेच मिटवलेला नाही.
लाल पेनाचं टोपण काढलं,
पुन्हा लावलं.

दुपारी जिन्यात मुख्याध्यापक भेटले.
‘ती मेअरची पोरगी,’ म्हणाले, ‘आता बरी आहे ना?’
हातात त्यांच्या फॉर्म होता, हो किंवा नाहीचा.
मी तोंड उघडलं,
आणि मला खोकला आला.