तिनाचा आठ

इंग्रजी तिनाला दोन तोंडं असतात, उघडी.
दोन्ही मिटली की आठ होतो.
म्हमाणेसरांना हे सफाईनं जमतं,
माझ्याच लाल पेनानं.

साखर पेठेत, चादरीच्या दुकानावर आमचा क्लास.
खाली म्हणतात, एक नंबर माल.
वर म्हणतात, ए प्लस.
नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी,
फी दोन हप्त्यांत, नापास कुणीच नाही.

अंबिका येमूलची तोंडी परीक्षा मी घेतली.
घरात तेलुगू, गल्लीत कानडी, शाळेत मराठी,
तीन भाषांत भांडू शकणारी पोर
चौथीत नाव सांगून थांबली,
पंख्याकडं बघत राहिली.
मी वाट पाहिली. मग लिहिलं, अडतीस.
आणि समासात:
ऐकलेलं कळतं. बोलायला घाबरते.
अजून तीन महिने द्या.

मॅडम, समास कोण वाचतंय? सर म्हणाले.
तुमचा पगार पण फीतनंच निघतो की.
खोटं नव्हतं ते.
मी पेन दिलं.

अठ्ठ्याऐंशीचं सर्टिफिकेट, सोनेरी काठाचं, लॅमिनेट केलेलं.
ते घेऊन ती पुण्याला मुलाखतीला गेली,
सकाळच्या हुतात्मानं.
चार मिनिटं लागली त्यांना.
परतीच्या गाडीला मात्र
संध्याकाळपर्यंत वेळ होता.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली.
भांडायला नाही.
बोटांना तंबाखूचा वास, नखं पिवळी.
"हजार विड्या नेल्या की चेकर शंभर छाट काढतो, बाई.
त्यातल्या निम्म्या चांगल्या असतात, लुबाडतो मेला.
पण उरलेल्या निम्म्या?
कुठली सैल वळली, कुठल्या पानाला भोक होतं,
माझं मला कळतं.
हिच्या कागदात छाट कुठाय?
इथं कायच लिहिलं नाही."

मी कपाटातनं पेपर काढला.
आठाची डावी बाजू जरा जाडच होती.
समास वाचून दाखवला.
'तीन महिने'पाशी तिनं हात वर केला.
हे तवाच सांगायचं नाही होय?

आता सहानंतर अंबिका येते.
रजिस्टरला नाव नाही तिचं,
सरांना वाटतं, बहिणीला न्यायला थांबते.
काल मी सांगितलं, एकेचाळीस.
तिनं वही उलटली. परवा त्रेचाळीस होते.
दोन कुठं गेले?
हे तिनं इंग्रजीत विचारलं,
आवाज चढवून, बाकावर हात आपटून.
क्रियापद चुकलं होतं.
मी मध्ये बोलले नाही.