चष्मा विसरू नका

पत्रात आम्ही लिहितो:
रात्री नीट झोपा, न्याहारी करून या,
नेहमीच्या गोळ्या घ्या,
चष्मा विसरू नका, कानाचं यंत्रही.
विसरू नका, असं आम्ही लिहितो,
आणि एकोणीस वर्षांत त्यावर कुणी हसलं नव्हतं.
एन्सिओ कांगास हसले.
पत्र खिशात घडी घालून आणलेलं,
त्याच ओळीखाली पेन्सिलीची रेघ.

डुलुथमधला जानेवारी. उणे बावीस.
खिडकीतून दिसतं तेवढं सरोवर गोठलेलं,
बुटांचा बर्फ दाराशी वितळतोय.
लॉरेन बाहेर बसली, मांडीवर प्रश्नावली:
तेच तेच विचारतात का? कधीपासून?
नेहमी, अधूनमधून, क्वचित, कधीच नाही.
तिनं खोडरबर मागितलं.

मी त्यांना सांगितलं, जे सगळ्यांना सांगते:
सुया नाहीत, तारा नाहीत, दुखणार नाही.
चार तास, मध्ये कॉफी.
काही सोपं वाटेल,
काही कुणालाच पुरतं जमत नाही, तसंच ते केलेलं आहे.
चूक की बरोबर हे मी सांगणार नाही.
माझ्या चेहऱ्यावर शोधू नका, तिथे काही लिहिलेलं नसतं.
'बघू,' ते म्हणाले.

चौतीस वर्षं या माणसानं पूल उचलला.
जहाजानं भोंगा दिला की
तीन लांब, दोन आखूड,
वरच्या केबिनमधून तसंच उत्तर,
मग अख्खा रस्ता लोखंडासकट आभाळात.

सात, दोन, नऊ. उलट सांगा.
सांगितलं.
चार, आठ, एक, सहा.
'सहा,' ते म्हणाले. मग पुन्हा, 'सहा.'
मग, 'बाई, जहाज उलटं नेत नाहीत. वळवतात.'

घड्याळ काढा म्हटलं तर वर्तुळ सुरेख आलं,
पण आकडे सगळे उजवीकडे जमले,
एका काठाला प्रवासी धावले की
होडी कलते, तसे.
त्यांनी कागद थोडा फिरवून पाहिला.
मी टेबलाखाली स्टॉपवॉच धरून होते.

एका मिनिटात प्राण्यांची नावं.
हेरिंग, ट्राउट, स्टर्जन, पुन्हा हेरिंग.
तळ्यातून बाहेर यायला वाट सापडेना.
वीस सेकंद नुसते हीटरचे.
मग एकदम, 'मुस्ती!'
मुस्ती कुत्रा होता, सत्तर साली वारला.
विशेषनाम धरत नाहीत.
मी तरी लिहून घेतलं.

आणि ती यादी. बारा शब्द.
कंदील. बी. गालिचा. शिडी. मध.
पुढचे सात मी इथे सांगत नाही,
मला ते झोपेतसुद्धा येतात,
सासऱ्यांच्या दफनविधीत आले होते.
अर्ध्या तासानं विचारायचं:
मघाशी वाचलेले शब्द, आठवतील तेवढे.

'कुठले शब्द?'

मी थांबले. थांबायचंच असतं, नियम आहे.
त्यांनी डोळे मिटले
आणि बोटाच्या पेरानं टेबलावर वाजवू लागले:
लांब, आखूड, लांब लांब, जराशी उसंत,
कारण पाचव्या शब्दानंतर मी श्वास घेते.
मला ते माहीत नव्हतं.
बाराही ठोके. शेवटचा हलका,
तोही मी हलकाच म्हणत असणार.
शब्द एकही नाही.

फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही.
शून्य लिहिलं.
पेन्सिल दाबली गेली, पलीकडे उमटलं.

'कसं झालं?' लॉरेननं विचारलं.
डॉक्टर सांगतील, दोन आठवड्यांनी.
हेही माझं पाठ आहे.
गाडीची किल्ली तिनं आपल्या हातात घेतली,
त्यांनी घेऊ दिली,
दोघं काही बोलले नाहीत.

ते गेल्यावर प्रश्नावली उचलायला गेले तर
तिच्यावर चष्मा. लॉरेनचा.
कोट न घालता धावले पार्किंगमध्ये,
काचेवर टकटक केलं.
एन्सिओंनी काच खाली केली,
चष्म्याकडे पाहिलं, मग बायकोकडे,
'पत्र,' ते म्हणाले, 'फक्त मीच वाचलेलं दिसतं.'
मला हसायची परवानगी आहे की नाही,
आठवेना.