रकाना सात

कोर्ट नाक्याला झेरॉक्सच्या पत्र्याखाली माझं टेबल.
भाडेकरार, नावात बदल, वारसदाखले,
हरवलेल्या मार्कशीटची प्रतिज्ञापत्रं.
जखमेबद्दल पदक मिळावं, असा अर्ज
बावीस वर्षांत हा पहिलाच.

महिपती लक्ष्मण चोरगे, मुक्काम कोपरखैरणे,
माथाडींच्या बैठ्या खोल्यांतली एक.
एक्स-रेचं पाकीट पोटाशी धरून बसले,
जशी कुणी गावाहून कोंबडी आणतं एसटीतून.

"आत्ताच का, तात्या?
लढाईला पन्नास वर्षं उलटून गेली."

झालं होतं ते असं :
कमरेचा एमआरआय काढायला गेले वाशीला.
तिथल्या पोरीने विचारलं, अंगात कुठे धातू आहे का?
आहे म्हणाले. खांद्यात.
कुणी बसवला?
ह्यावर त्यांना उत्तर सुचेना.
मशीन मिळालं नाही, पैसे परत मिळाले.
"बाई, मला कागदच नाही हो त्याचा एकही."

एक्स-रे त्यांनी ट्यूबलाइटला धरला.
फासळ्यांच्या वर, तांदळातल्या खड्यांसारखे
तीन पांढरे ठिपके.
चौथा एकदा आंघोळ करताना आपणहून बाहेर आला,
बायकोने मिसरीच्या डबीत ठेवला होता.
बायको गेली. डबी सापडत नाही.

मी टाइप करत गेले.
हुद्दा सॅपर. डिसेंबर एकाहत्तर. शकरगड. रात्र.
हाताच्या सवयीने लिहिलं, मातृभूमीसाठी रक्त सांडून.
त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. काढा.
प्राणांची पर्वा न करता?
"पर्वा होती की. काढा."
उरलं ते दीड ओळीत मावलं.
त्यानंतरची तेहेतीस वर्षं, तुर्भ्याचं कांदा-बटाटा मार्केट,
अर्जात कुठेच बसत नव्हती.
पोती डाव्या खांद्यावर.
उजवा सरकारी.

रकाना सात :
जखम शत्रूच्या कारवाईत झाली काय?
"सुरुंगच ना," मी म्हटलं, "हो लिहिते."

थांबा म्हणाले.
बाहेर एक रिक्षावाला सुट्ट्या पैशांवरून भांडत होता,
त्याचं भांडण मिटेपर्यंत ते गप्प.

"त्या पट्ट्यात त्यांनी पेरले होते, आम्हीही पेरले होते.
नकाशा बेंद्रेकडे.
तो माझ्या चार पावलं पुढे.
त्याच्या पायाखाली आला तो कुणाचा,
मला नाही कळलं.
त्याला कळलं असलं तर असेल."

मी खुर्ची जरा पुढे ओढली.
तात्या, हो लिहू या.
कोण जाणार आहे आता तिथली माती उकरायला?

"बेंद्रेची बहीण घणसोलीत असते.
पदक आलं की ती म्हणेल, दाखव."

सातव्या रकान्यात मी टाइप केलं, माहीत नाही.
अनामत भरल्याची तारीख, जन्माचं ठिकाण,
लोक वाट्टेल ते दडपून सांगतात ह्या टेबलाशी.
हे दोन शब्द सरकारी कागदावर
पहिल्यांदा माझ्या बोटांखालून गेले.
अर्ज फिरून येईल, हेही सांगितलं त्यांना.
येऊ दे म्हणाले.
सही केली सावकाश,
उजव्या मनगटाला डाव्या हाताचा टेकू देऊन.
झाले साठ रुपये. मी चाळीस म्हटलं.
साठ ठेवून उठले.

समोर कचेरीच्या दारात ती चौकट आहे, वाजणारी.
वाजली.
हवालदाराने खिसे रिकामे करायला लावले :
बसचा पास, चष्म्याचं घर, चुन्याची डबी, किल्ली.
सगळं ट्रेमध्ये. पुन्हा आत पाऊल टाकलं.
पुन्हा वाजली.
हवालदाराने काहीतरी विचारलं.
त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढत
काहीतरी सांगितलं.
मधून बस गेली, मला ऐकू आलं नाही.