दोन बोटं काळं

लॅपटॉपला एक एचडीएमआय,
आणि एक ते चपटं, लंबगोल भोक, उलटंसुलटं कसंही बसणारं.
मॉनिटर तीन.
पिको बेटाच्या दक्षिण कड्यावर
लौरियानोमामाच्या टेहळणीच्या खोपटात
सकाळपासून मी टेबलाखाली उकिडवी.

पहिला लागला.
दुसरा म्हणाला, सिग्नल नाही.
वायर काढून फुंकर मारली. सिग्नल नाही.
मग उमगलं, ही नुसती चार्जिंगची वायर :
तोंड अगदी तसंच, पण ही फक्त भरवते,
बोलत नाही.
‘म्हणजे आर्मिंडाचा नवरा,’ मामा म्हणाला,
दुर्बिणीवरून डोळा न काढता.

एकेचाळीस वर्षं तो या आडव्या फटीतून समुद्र बघतोय.
त्याचा बाप इथे बसायचा तेव्हा
फवारा दिसला की दारूचा बार उडायचा
आणि खाली गावात माणसं ताटावरून उठून
भाले घेऊन होड्यांकडे पळायची.
डोळ्यात तेल घालून बसणं म्हणतात ना,
तेल त्या वेळी खरंच देवमाशाचं असायचं.
आता होड्यांत केशरी जाकिटांतले पाहुणे,
आणि मामाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू.
म्हणून कंपनीने कड्यावर तीन कॅमेरे रोवले.
मामाला विचारलं नाही.

तिसऱ्या मॉनिटरला भोकच उरलं नव्हतं.
जोडणी आणून लावली तर लॅपटॉप म्हणाला,
दोनच्या वर मला झेपत नाही.
मग लिस्बनहून डॉक मागवला. तो बोटीने आला,
अकराव्या दिवशी, खोका एका कोपऱ्यात ओला.
ड्रायव्हर टाकला, बंद केलं, चालू केलं,
आणि तिन्ही पडदे एकदम उजळले :
तिन्हींवर तोच समुद्र. तीनदा.
‘एवढ्यासाठी अकरा दिवस?’

डुप्लिकेट काढून एक्स्टेंड केलं.
पूर्वेला चाललेलं एक मालवाहू जहाज
मधल्या पडद्याच्या डाव्या काठावरून गेलं
आणि उजव्या पडद्याच्या पार टोकाशी उगवून
पुन्हा मधल्याकडेच यायला लागलं.
मामाने दुर्बीण खाली ठेवली. दिवसात पहिल्यांदाच.
‘जग गोल आहे, माहितीय मला.
पण इतकं लहान?’

सेटिंगमध्ये राखाडी चौकोन, त्यांवर आकडे.
तीन नंबरचा ओढून एकच्या पलीकडे नेऊन सोडला.
‘टेबलावर काय कुठे आहे, ते याला सांगावं लागतं?’
‘हो. त्याला दिसत नाही.’
‘चांगला सोबती दिलाय मला.’

तिसऱ्या प्रहरी तो आला.
डाव्या पडद्यावर, वाकडा बुटका फवारा,
मामाने माझ्या आधी पाहिला, डाव्या डोळ्याने.
सावकाश मधल्याकडे सरकत राहिला,
काठाशी पाठ वाकवली, शेपूट उभी केली
आणि गेला.
मधल्यावर नाही. डावीकडे नाही.
दोन मॉनिटरांच्या मध्ये
दोन बोटं काळं प्लास्टिक.

मी मॉनिटर जवळ सरकवायला हात घातला.
मामाने हात बाजूला केला
आणि त्या काळ्यावर नख टेकवून ठेवलं.
‘मामा, ती चौकट आहे.’
‘असेल.’
दुसऱ्या हाताने त्याने रेडिओ ओढला,
खालच्या होडीला दिशा दिली, अंतर दिलं :
‘इंजिन बंद करा. पन्नास मिनिटं थांबा.
खाली गेलाय.
मला दिसतोय.’